वॉन्टन नूडल सूपसाठी गॅसवर तीन पातेली का लागतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी वॉन्टन नूडल सूप करून पाहिलं. चिकनचे तुकडे उकळले, त्या पाण्यात सोया सॉस घातला, समोसा पट्टीत खिमा भरून गाठोडी केली, ती त्याच पाण्यात सोडली आणि वरून हक्का नूडल्स टाकल्या. गाठोडी उलगडली, नूडल्सचा लगदा झाला, सूप गढूळ झालं आणि तरी चवीला पाणचटच. कॉर्नफ्लोअर लावून दाट करू का? आणि घरात एक जण शाकाहारी आहे, त्यांच्यासाठी काय करता येईल?

कॉर्नफ्लोअर नको. मनचाव किंवा स्वीट कॉर्न सूपमुळे आपल्याला चायनीज सूप म्हणजे घट्टसर, चमच्यावर रेंगाळणारं असं वाटतं. वॉन्टन नूडल सूप त्या घराण्यातलं नाही. ते दक्षिण चीनमधलं, क्वांगचौ आणि हाँगकाँगचं खाणं. तिथे रस्सा चहाच्या रंगाचा आणि नितळ असतो, नूडल्स बारीक आणि दाताखाली चटकन तुटणाऱ्या, वॉन्टन (म्हणजे सारण भरलेली मैद्याची गाठोडी) कोळंबीचे. क्वांगचौचे अनेक आचारी विसाव्या शतकाच्या मध्यात हाँगकाँगला गेले, तेव्हा ही कलाही त्यांच्याबरोबर गेली. आधी रस्त्यावरच्या गाड्यांवर आणि मग छोट्या दुकानांत ती रुजली. मी हॉटेलांच्या चायनीज किचनमध्ये याच पद्धतीने काम शिकलो, म्हणून तेच सांगतो.

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: सगळं एका पातेल्यात शिजलं. नूडल्सवरचा मैदा आणि वॉन्टनवरची पिठी रश्शात उतरली की रस्सा गढूळ होणारच. नूडल्सना शिजायला एक मिनिट लागतं, वॉन्टनना चार मिनिटं आणि रश्शाला तीन तास. हे तिघं वेगवेगळ्या पातेल्यांत शिजतात आणि त्यांची गाठ वाडग्यातच पडते. आधी ही शिस्त पाळा, बाकीचं त्यानंतर.

रश्शापासून सुरुवात करू, कारण निम्मी चव तिथे आहे. नुसत्या बोनलेस तुकड्यांचं पाणी पाणचटच लागणार. रश्शाला जी गोडसर जाडी येते ती हाडांच्या सांध्यातल्या आणि कातडीतल्या कोलॅजेन या प्रथिनाची. ते सावकाश शिजून जिलेटिन होतं, आणि म्हणून चांगला स्टॉक फ्रिजमध्ये थिजतो. चिकनवाल्याला सूपची हाडं मागा: बोनलेस काढून उरलेले सापळे, माना, पंखांची टोकं, आणि मिळालेच तर सात-आठ पाय, साल काढून नखं छाटलेले. सगळं मिळून सव्वा किलो पुरे. मूळ पद्धतीत डुकराची हाडंही असतात. गोव्यात, वसईत किंवा वांद्र्याला ती सहज मिळतात. खात असाल तर निम्मी ती घ्या.

हाडं गार पाण्यात बुडवून उकळी आणा, पाच मिनिटं उकळा आणि ते पाणी सरळ मोरीत ओता. वर करडा फेस आलेला दिसेल. तो रक्ताचा आणि प्रथिनांचा असतो. हाडं नळाखाली एकेक करून चोळून धुवा, पाठीच्या कण्याला चिकटलेले काळपट गोळे बोटाने काढा, पातेलंही घासा. पुष्कळांना वाटतं की यात सत्त्व वाया जातं. वाया जातो तो गढूळपणा आणि उग्र वास.

आता तीन लिटर गार पाणी, आल्याच्या चार-पाच जाड चकत्या, पातीच्या कांद्याचे पांढरे भाग. बस. लवंग, दालचिनी, तमालपत्र काही नको. ती घातली की हे दुसरंच सूप होतं. उकळी येऊ लागली की आच इतकी कमी करा की पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरेल आणि कडेला एखाद-दुसरा बुडबुडा फुटेल. रटरटू लागलं की चरबी फेटली जाऊन पाण्यात मिसळते आणि रस्सा दुधाळ होतो. झाकण अर्धवट ठेवा. तीन तासांत साधारण दोन लिटर उरतो, म्हणजे सहा वाडगे.

कुकरमध्ये चालेल का, हे मला नेहमी विचारतात. चालतं, पण शिट्ट्या मोजायच्या नाहीत. दाबाखाली पाणी खळखळत नाही, त्यामुळे कुकरमधला स्टॉक उलट जास्त नितळ होतो. पण शिट्टी झाली की दाब एकदम उतरतो, आतलं पाणी उसळतं आणि सगळं ढवळून निघतं. म्हणून दाब धरला की पहिली शिट्टी व्हायच्या आत गॅस अगदी बारीक करा, पाऊण तास ठेवा आणि कुकर आपोआप निवू द्या. घाईने शिट्टी उचलू नका.

इथपर्यंत झालं ते चांगलं चिकन स्टॉक. हाँगकाँगच्या दुकानांतला वास यापुढे येतो आणि तो सुक्या माशाचा असतो. तिथे एक चपटा मासा, आपल्या लेपेच्या जातकुळीतला, वाळवून ठेवतात. तो विस्तवावर खरपूस भाजतात आणि रश्शात सोडतात. जोडीला कोळंबीची सुकवलेली अंडीही असतात. ते दोन्ही जिन्नस इकडे मिळवायच्या नादी लागू नका, कारण आपल्याकडे सोडे (सोललेली सुकी कोळंबी) आहेत. कोकणातून कोणी आणले असतील तर २५-३० ग्रॅम पुरे. पाण्यात झटपट खळबळून वाळू घालवा, पुसा, कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा. रंग फिका गुलाबी असतो तो नारिंगी-तांबूस होईल आणि वासातला ओला, खारट उग्रपणा जाऊन शेंगदाणे भाजल्यासारखा वास सुटेल. तिथे थांबा. हे सोडे रश्शात शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासासाठीच घालायचे, मलमलच्या पुरचुंडीत बांधून. तीन तास ठेवले तर कडवट होतं. सोडे नसतील तर जवळा चालेल, पण कमी घ्या आणि वेळही कमी ठेवा. सुके बोंबील मात्र नको. त्यांचा वास बाकी सगळ्यावर स्वार होतो.

यामागचं कारण सांगतो. मांसात आणि सुक्या माशात इनोसिनेट असतं, सोया सॉसमध्ये ग्लुटामेट; दोन्ही चव खुलवणारी द्रव्यं. ही दोन एकत्र आली की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो म्हणून विकायला आलं. हाँगकाँगच्या दुकानांत ते सर्रास वापरतात आणि चिमूटभर घातलं तर मीही नाक मुरडणार नाही. पण हाडं आणि सोडे नीट वापरले तर त्याची गरज पडत नाही. नुसत्या पाण्यात अजिनोमोटो आणि सोया सॉस घालून केलेलं सूप पहिल्या घोटाला छान लागतं, पाचव्या घोटाला नाही.

गाळताना पिळू-दाबू नका. मीठ सगळ्यात शेवटी: एका लिटरला ८ ते ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा. वाडग्यातही सोया सॉस पडणार आहे, म्हणून आधी कमीच घाला. वर तरंगणारी चरबी चमच्याने वेगळ्या वाटीत काढा. फेकू नका, ती लागणार आहे.

आता सारण. कोळंबी २५० ग्रॅम (सोललेली), चिकनच्या मांडीचा खिमा १५० ग्रॅम. छातीचा खिमा घेऊ नका, तो भुशासारखा कोरडा होतो. मूळ कृतीत चरबीसकट डुकराचा खिमा असतो. चिकन वापरणार असाल तर मघाशी काढलेल्या चरबीतला एक मोठा चमचा, गार करून, इथे घाला.

हॉटेलातल्या वॉन्टनमध्ये कोळंबी करकरीत लागते आणि घरी ती मऊ पडते, याचं कारण खायचा सोडा. कोळंबीचा काळा धागा काढा, अर्धा छोटा चमचा सोडा आणि तेवढंच मीठ चोळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. नंतर नळाच्या बारीक धारेखाली दहा मिनिटं धुवा, अगदी बुळबुळीतपणा जाईपर्यंत. सोड्याने प्रथिनं जास्त पाणी धरून ठेवतात आणि कोळंबी शिजताना आकसत नाही. धुण्यात हयगय केली तर साबणासारखी चव राहते. मग स्वच्छ पंच्यात गुंडाळून खरोखर कोरडी करा. ओल्या कोळंबीचं सारण पट्टीला आतून भिजवतं आणि फुटण्याची निम्मी प्रकरणं तिथूनच सुरू होतात.

निम्मी कोळंबी सुरीच्या पात्याने चेचा, निम्मीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे ठेवा. मिक्सरला हात लावू नका. खिम्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून एकाच दिशेने ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांनी खिमा भांड्याच्या कडा सोडून हाताला चिकटू लागेल, बोटं उचलली की तारा निघतील. मिठाने मांसातलं प्रथिन सुटतं आणि तेच सारण बांधून ठेवतं. अंडं किंवा ब्रेडचा चुरा घालायची गरज नाही. आता कोळंबी, अर्धा चमचा साखर, पाव चमचा पांढरी मिरपूड, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर (इथे त्याचा उपयोग आहे), एक चमचा लाइट सोया सॉस. गोळा उचलून भांड्यात आठ-दहा वेळा आपटा. तिळाचं तेल सगळ्यात शेवटी, एक चमचा. आधी घातलं तर मांसावर तेलाचा थर बसतो आणि ते एकजीव होत नाही. तेलही भाजलेल्या तिळाचं हवं, गडद रंगाचं. आपल्या घाण्याचं तीळतेल उत्तम असतं, पण त्याला हा वास नसतो. सारण अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या.

पट्टीबद्दल. समोसा पट्टी आणि स्प्रिंग रोलच्या शीट तव्यावर अर्धवट भाजलेल्या असतात. त्या तळण्यासाठी केलेल्या. शिजलेला मैदा पाणी लावून एकमेकांना नीट चिकटत नाही, म्हणून उकळत्या पाण्यात त्या उलगडल्या. तुमच्या हाताचा दोष नाही. मोमोचं पीठही इथे कामाचं नाही. ते वाफेसाठी असतं, जाड आणि बिनअंड्याचं, रश्शात ते फुगून बसतं. फ्रोझन विभागात कच्ची वॉन्टन शीट मिळाली तर घ्या, नाहीतर घरी करा: २०० ग्रॅम मैदा, एक अंडं, पाव चमचा मीठ, ४५ ते ५० मिली पाणी. पीठ घट्ट आणि खडबडीत वाटेल. पाणी वाढवायचा मोह होईल, पण वाढवू नका. झाकून पाऊण तास ठेवा, मग परत मळा. आता ते गुळगुळीत झालेलं असेल. चार गोळे करून पिठीऐवजी कॉर्नफ्लोअर लावत लाटा, पोळपाटाची रेघ आरपार दिसेपर्यंत. आठ सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि ओलसर कापडाखाली ठेवा. तीसेक होतात.

भरताना एका चौकोनात १२ ते १५ ग्रॅम सारण, म्हणजे भरगच्च छोटा चमचा. त्यात कोळंबीचा एक तरी तुकडा येईल असं बघा. कडेवरची कॉर्नफ्लोअर बोटाने झटका, दोन बाजूंना पाण्याचं बोट फिरवा, त्रिकोण करा, आणि आता महत्त्वाचं: सारणाकडून कडेकडे बोट दाबत आतली हवा पूर्ण बाहेर काढा. आत राहिलेली हवा गरम झाली की फुगते आणि जोड उघडते. मग त्रिकोणाची दोन टोकं पुढे आणून एकावर एक दाबा. हाँगकाँगचे आचारी एवढंही करत नाहीत; पट्टी तळहातावर घेऊन मुठीत नुसती आवळतात आणि मागे सैल शेपूट सोडतात. रश्शात ती शेपूट तरंगते, चमच्यात येताना रस्सा धरून येते. करंजीसारखी मुरड मुळीच घालू नका, तिथे पीठ दुहेरी होतं आणि कच्चं राहतं.

शिजवायला मोठं पातेलं, भरपूर पाणी. एका वेळी दहा-बाराच सोडा आणि लगेच झाऱ्याच्या पाठीने तळाशी हलकेच ढवळा, नाहीतर तळाला चिकटतात. पाणी उकळत राहू दे, पण उसळू देऊ नका. जास्त खळखळलं तर अर्धी वाटी गार पाणी ओता. वॉन्टन तरंगले म्हणजे शिजले, हा समज खोटा आहे. आत हवा असेल तर कच्चा वॉन्टनही तरंगतो. तरंगल्यावर आणखी दीड-दोन मिनिटं द्या आणि एक कापून बघा: कोळंबी अपारदर्शक, खिमा कुठेही गुलाबी नाही.

नूडल्सच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातच आहे. या बारीक पिवळ्या नूडल्सना जो ताठपणा असतो तो पिठात घातलेल्या क्षाराच्या पाण्यामुळे. सोडियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटं त्यात असतात. आपला पापडखार त्याच कुळातला. क्षाराने मैद्यातलं ग्लुटेन आवळतं आणि रंग पिवळसर होतो. क्वांगचौला पारंपरिक कारागीर हे पीठ जाड बांबूखाली दाबतात: बांबूचं एक टोक भिंतीत अडकवतात, दुसऱ्या टोकावर स्वतः बसतात आणि वरखाली उड्या घेत पीठ दडपतात. पीठ मुख्यतः अंड्यात भिजवलेलं, पाणी नावालाच, म्हणून ते हाताने मळणं जवळजवळ अशक्य.

पास्ताचं मशीन असेल तर घरी करून बघा: ३०० ग्रॅम मैदा, दोन अंडी, १५ ते २० मिली पाण्यात विरघळवलेला अर्धा सपाट छोटा चमचा पापडखार. नसेल तर जिवाला त्रास करून घेऊ नका. बाजारात मिळतील त्यातल्या सगळ्यात बारीक एग नूडल्स घ्या. पाकिटामागे ५०० आणि ५०१ हे आकडे दिसले तर त्या नूडल्समध्ये हे क्षार आहेत असं समजा. तेही नाही मिळालं तर अगदी बारीक स्पॅगेटी दोन लिटर पाण्यात दोन छोटे चमचे खायचा सोडा घालून शिजवा. पाणी फेसाळून उतू जातं, म्हणून पातेलं मोठं घ्या. रंगात आणि चवीत फरक लगेच कळेल.

माणशी ६० ग्रॅम सुक्या नूडल्स बास. पाकिटावर तीन मिनिटं लिहिली असतील तर दोनच द्या. चाळणीत काढून गार पाण्याखाली धुवा. वरचा पिष्टमय चिकटा जातो आणि शिजणं थांबतं. वाढायच्या क्षणी पाच-दहा सेकंद पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवून काढा आणि खडखडून झटका. झटकण्यात आळस केला की वाडग्यात अर्धा डाव साधं पाणी जातं आणि तीन तासांचा रस्सा पातळ होतो.

वाडगे गरम पाण्याने तापवून घ्या. तळाला एक छोटा चमचा लाइट सोया सॉस, तिळाच्या तेलाचे दोन-तीन थेंब, काढून ठेवलेली अर्धा चमचा चिकनची चरबी, चिमूटभर पांढरी मिरपूड. त्यावर चार-पाच वॉन्टन, वर नूडल्सचा पुंजका आणि मग उकळता रस्सा, साधारण ३०० मिली. हाँगकाँगला वॉन्टन खाली आणि नूडल्स वर ठेवतात, कित्येकदा खाली चमचा उलटा घालून, म्हणजे नूडल्स रश्शात पूर्ण बुडत नाहीत आणि शेवटपर्यंत ताठ राहतात. तिकडचा वाडगाही त्याच कारणाने लहान असतो. मोठ्या वाडग्यात भरपेट वाढण्यापेक्षा परत घ्यावं. वरून तिकडे पिवळी चायनीज पात घालतात; थंडीत मंडईत लसणाची कोवळी पात येते, ती तिच्या सगळ्यात जवळची. एरवी पातीचा कांदा. व्हिनेगर हवं त्याने आपल्या वाडग्यात चार थेंब घ्यावं.

शाकाहारी वाडग्यासाठी चिकनच्या रश्शाची नक्कल करू नका. चीनमधल्या शाकाहारी स्वयंपाकाला स्वतःचा स्टॉक आहे, मोड आलेल्या सोयाबीनचा आणि सुक्या शिताके मशरूमचा. पाव किलो सोयाबीनला मटकीसारखे मोड आणा, जरा लांब, बोटभर होऊ द्या. तेलावर कडा तांबूस होईपर्यंत परता, आठ-दहा भिजवलेले शिताके त्यांच्या पाण्यासकट (तळाचा गाळ सोडून), एक गाजर, आल्याच्या चकत्या आणि दोन लिटर पाणी घालून तासभर मंद शिजवा. शिताकेत ग्वानिलेट असतं, ते इनोसिनेटचंच काम करतं. सारणाला दाबून पाणी काढलेला टोफू, तेच शिताके बारीक चिरून, आणि मीठ लावून घट्ट पिळलेला कोबी. कोबी पिळताना दया दाखवू नका. अंडं नको असेल तर पट्टीचं पीठ ९० मिली कढत पाण्यात भिजवा. थोडं मऊ होतं, पण फुटत नाही. अशा वाडग्यासाठी नूडल्सही बिनअंड्याच्या बघून घ्या.

एवढा घाट एका जेवणासाठी घालू नका. रस्सा दुप्पट करून वाडग्याच्या मापाने डब्यांत गोठवा. वॉन्टन कच्चेच, ट्रेवर एकमेकांना न लागता ठेवून दगडासारखे कडक झाले की पिशवीत भरा. एकत्र कोंबून गोठवले तर निघताना फाटतात. महिनाभर चांगले राहतात. काढल्यावर वितळू देऊ नका, थेट उकळत्या पाण्यात सोडा आणि दोन मिनिटं जास्त द्या. नूडल्स मात्र त्या त्या वेळीच शिजवायच्या.